हमी वेगळी, आश्वासन वेगळं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही जो मोठा लेख छापला तो मी दोनदा वाचला, सकाळी पोहे खाताना एकदा आणि दुपारी पेन्सिल घेऊन परत एकदा. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं, की चीनची अण्वस्त्रं वाढतायत, आपण त्या शर्यतीत कुठवर धावणार, त्यापेक्षा जपान आणि दक्षिण कोरियासारखं सरळ अमेरिकेशी लेखी लष्करी करार करून तिच्या अणुछत्राखाली जावं, म्हणजे आपल्यावर अणुहल्ला झाला तर उलटा वार तिने तिच्या बॉम्बने करावा, पैसाही वाचेल आणि झोपही लागेल. युक्रेनबद्दल ते लिहितात की त्याला मोठ्या देशांनी 'हमी' दिली होती पण ती नुसती कागदावरची होती, तिथे अमेरिकेची फौज नव्हती, आपण फौजेसकट करार करू म्हणजे तसं होणार नाही. पत्र लांबणार आहे, पण कापलंत तर निदान शेवटचा भाग तरी ठेवा ही विनंती.

मी एकतीस वर्षं इथे इंदूरला शाळेत इतिहास शिकवला. आमचे हे महूला सिग्नलच्या कॉलेजात सिव्हिलियन स्टाफमध्ये होते, त्यामुळे घरात फौजेचा विषय रोजचा. पण 'फौजेसकट करार' हे शब्द वाचले आणि माझ्या डोळ्यापुढे आले ते अमेरिका-जपान नाहीत, वसई आली. तुमच्या वाचकांना वसईचा तह नव्याने सांगायची गरज नाही, तरी दोन गोष्टी सांगतेच. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशव्यांच्या फौजा मोडल्या, पेशवे दुसरे बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबरला वसईला इंग्रजांशी सही करून बसले. मिळालं काय तर सहा हजार शिपायांची तैनाती फौज आणि संरक्षणाचा शब्द. दिलं काय तर सव्वीस लाखांचा मुलूख आणि कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणाशी बोलणी न करण्याचं वचन. त्या दिवशी बाजीरावांना खरंच हायसं वाटलं असेल. पुढे सोळा वर्षांत पेशवाईच उरली नाही.

आणि हे काही पुण्याचंच दुखणं नाही, आपल्या दारातलं आहे. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकर हरले, ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला, गादीवर अल्पवयीन मल्हारराव होते, आणि त्या तहातून जी इंग्रजी छावणी उभी राहिली ती आपली महू. आज तिथे आपली फौज आहे, इन्फन्ट्री स्कूल आहे, आर्मी वॉर कॉलेज आहे, त्याचा मला अभिमान आहे, पण ती छावणी बसली तेव्हा 'होळकरांच्या संरक्षणासाठी' बसली होती हे मुलांना सांगितलं की वर्ग एकदम शांत व्हायचा. दरवर्षी.

आता मला कोणी म्हणेल बाई, जपान म्हणजे काय बाजीराव आहे का? नाही, मुळीच नाही आणि मी तसं म्हणतही नाही. जपान, जर्मनी, कोरिया लोकशाही देश आहेत, त्यांनी विचार करून हा मार्ग घेतला, त्यांच्या पार्लमेंटमध्ये त्यावर भांडणं होतात, उद्या त्यांना नको वाटलं तर ते नाही म्हणू शकतात. पण एक प्रश्न तेव्हा होता तोच आजही आहे, की ज्या दिवशी खरंच वेळ येईल त्या दिवशी निर्णय कोणाच्या हातात? छत्र ज्याचं त्याच्या. लेखात हा प्रश्नच आला नाही, म्हणून हे सगळं लिहायला बसले.

अणुछत्राची दोन कामं असतात. एक शत्रूला धाक आणि दुसरं मित्राला भरवसा, आणि यातलं सोपं कोणतं असं विचारलं तर कोणीही म्हणेल मित्राला समजावणं सोपं, पण आहे ते बरोबर उलट. ब्रिटनचे डेनिस हीली, १९६४ ते १९७० संरक्षणमंत्री होते, त्यांनी हे फार नेमकं मांडलं होतं, की अमेरिका उलटा वार करेल याची पाच टक्के खात्री असली तरी रशियाला रोखायला पुरते, पण युरोपातल्या मित्रांची समजूत पटायला पंच्याण्णव टक्के लागते. हे मला पटतं. चोराला घरात कुत्रा असावा एवढा संशय पुरतो, पण घरात एकटं झोपणाऱ्याला कुत्रा साखळीने बांधलेला तर नाही ना हे रात्रीतून चार वेळा उठून बघावंसं वाटतं.

फ्रान्सच्या द गॉल यांचा प्रश्न हाच होता, पॅरिस वाचवायला अमेरिका न्यूयॉर्क पणाला लावेल का? रशियाकडे अमेरिकेपर्यंत पोचणारी क्षेपणास्त्रं आली तेव्हापासून या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर कोणत्याच अमेरिकन अध्यक्षाला देता आलेलं नाही, कारण ते तोंडाने देण्यासारखं उत्तरच नाही. फ्रान्सने १९६० मध्ये स्वतःचा बॉम्ब केला आणि १९६६ मध्ये नाटोच्या एकत्रित लष्करी कमांडमधून अंग काढून घेतलं, नाटो मात्र सोडली नाही. मित्र राहिला पण किल्ली आपल्या खिशात ठेवली.

जर्मनीने दुसरा मार्ग घेतला. तिथे आजही अमेरिकन अणुबॉम्ब ठेवलेले आहेत, बेल्जियम, नेदरलंड्स, इटली आणि तुर्कस्तान धरून पाच देशांत मिळून सुमारे शंभर असल्याचा अंदाज आहे. जर्मनीतली व्यवस्था अशी की विमान जर्मन, पायलट जर्मन, सराव जर्मनीचा, पण बॉम्ब अमेरिकेचा आणि अमेरिकेच्या अध्यक्षाने सोडल्याशिवाय तो हलणार नाही. लष्करी दृष्टीने त्या बॉम्बची केवढी गरज आहे यावर तिथलेच जाणकार वाद घालतात, ते ठेवलेत ते मुख्यतः जर्मनांना वाटावं म्हणून की अमेरिका जाणार नाही. म्हणजे ती वस्तू भरवशाची खूण आहे, मंगळसूत्रासारखी म्हणा.

आणि खूण वाढवली की भीतीही वाढते, हे युरोपात १९८० च्या आसपास झालं. रशियाने एसएस-२० नावाची नवी क्षेपणास्त्रं आणली जी युरोपपर्यंत पोचत होती पण अमेरिकेपर्यंत नाही. जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांनी १९७७ मध्ये लंडनच्या भाषणात काळजी बोलून दाखवली की मोठ्या दोघांनी आपापसात तोल साधला तर मधल्या युरोपचं काय? त्यांची समजूत काढायला नाटोने १९७९ मध्ये ठरवलं की बोलणी करू, आणि नाही जमली तर अमेरिकेची १०८ पर्शिंग आणि ४६४ क्रूझ क्षेपणास्त्रं युरोपात आणून ठेवू. झालं काय, की ज्यांना धीर द्यायचा होता तेच लोक घाबरले! ऑक्टोबर १९८१ मध्ये पश्चिम जर्मनीच्या राजधानीत, बॉनमध्ये, लाखो माणसं रस्त्यावर उतरली, कारण त्यांना दिसत होतं की क्षेपणास्त्रं आपल्या गावात आली म्हणजे शत्रूचा पहिला नेमही आपल्याच गावावर. पंतप्रधानाला भरवसा आणि प्रजेला धडकी, एकाच वस्तूने. शेवटी १९८७ मध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी करार करून ती सगळी जातच नष्ट केली, तो करारही अमेरिकेने २०१९ मध्ये सोडला आणि रशियानेही, तो भाग वेगळा.

लेखात दक्षिण कोरियाचं फार कौतुक आहे म्हणून कोरियाचं जरा नीट सांगते. तिथे १९५८ ते १९९१ अमेरिकेची छोटी अण्वस्त्रं प्रत्यक्ष ठेवलेली होती आणि फौज तर आजही आहे, म्हणजे लेखकाला हवा तसा फौजेसकट करार. तरी १९७१ मध्ये निक्सन यांनी एक पूर्ण डिव्हिजन, सुमारे वीस हजार सैनिक, परत नेले आणि तिथले अध्यक्ष पार्क इतके हादरले की त्यांनी गुपचूप स्वतःचा बॉम्ब करायची तयारी सुरू केली. फ्रान्सकडून बॉम्बचा माल काढता येईल असा प्रकल्प घ्यायचं ठरत आलं होतं, १९७६ मध्ये अमेरिकेने डोळे वटारून ते थांबवलं. म्हणजे बघा, छत्र देणाऱ्यानेच छत्र थोडं आवरलं, आणि छत्राखालचा स्वतःची सोय करायला गेला तर त्यालाही छत्र देणाऱ्यानेच अडवलं. मग २०२३ मध्ये परत तिथल्या लोकांना चिंता वाटायला लागली, उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रं आता अमेरिकेपर्यंत जातात म्हणून, तेव्हा एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला जाहीरनामा निघाला, सल्लामसलतीचा गट नेमला, आणि जुलैमध्ये केंटकी नावाची अण्वस्त्रवाली पाणबुडी बुसान बंदरात आणून उभी केली. कोरियाचे अध्यक्ष स्वतः आत जाऊन बघून आले. पाणबुडीचा सगळा उपयोग ती कुठे आहे हे कोणाला न कळण्यात असतो, तीच पाणबुडी मित्राला दिसावी म्हणून धक्क्याला लावावी लागते, यावरून कळतं की भरवसा देणं किती अवघड काम आहे. आणि तो एकदा देऊन पुरत नाही. दर चार वर्षांनी अमेरिकेत निवडणूक होते आणि टोकियोपासून वॉर्सापर्यंत सगळे परत नव्याने विचारतात, आता काय? ५ मार्च २०२५ ला फ्रान्सच्या मॅक्राँ यांनी आपली अण्वस्त्रं युरोपातल्या मित्रांच्याही रक्षणासाठी कशी वापरता येतील यावर चर्चा करू असं म्हटलं ते याच धास्तीतून.

जपानबद्दल मला जास्त लिहवत नाही. ज्या देशाने हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब टाकले त्याच देशाच्या बॉम्बखाली सुरक्षित राहायचं, आणि दर ६ ऑगस्टला पांढरी फुलं वाहायची. २०२४ चं शांततेचं नोबेल तिथल्या बॉम्बमधून वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या संघटनेला मिळालं. त्यांच्या सरकारला दोष देणारी मी कोण, शेजारी चीन आणि उत्तर कोरिया आहेत. पण 'जपानसारखं मजेत राहू' हे वाक्य लेखात आहे ते वाचून मला वाईट वाटलं.

आता आपलं. लेखक असं लिहितात जणू आपण छत्राचा विचार कधी केलाच नाही. केला होता, आणि अगदी मनापासून केला होता. १६ ऑक्टोबर १९६४ ला चीनने पहिला अणुस्फोट केला, दोनच दिवसांनी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन म्हणाले की बॉम्ब न करणाऱ्या देशांना कोणी अणुधमकी दिली तर आमचा पाठिंबा मिळेल. शास्त्रीजी त्या डिसेंबरमध्ये लंडनला गेले तेव्हा त्यांनी हाच विषय काढला, की अण्वस्त्रं नसलेल्या देशांना काही खात्री द्या. नंतर १९६७ मध्ये इंदिराजींनी आपले सचिव एल. के. झा यांना मॉस्को, वॉशिंग्टन असं पाठवलं. हाताशी काय लागलं? जून १९६८ चा सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक २५५, की असा हल्ला झाला तर परिषद ताबडतोब कृती करेल. ज्या परिषदेत नकाराधिकार आहे तिची ताबडतोब कृती! आपण अण्वस्त्रप्रसारबंदीच्या करारावर सही केली नाही ती या अनुभवानंतर, आणि १९७४ चं पोखरण आलं तेही या अनुभवानंतर. रशियाशी १९७१ च्या ऑगस्टमध्ये मैत्रीचा करार झाला होता हे मला माहीत आहे, डिसेंबरमध्ये अमेरिकेचं एंटरप्राइझ हे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागरात आलं तेव्हा तो कामी आला हेही खरं, पण त्या करारातसुद्धा संकट आलं तर लगेच एकमेकांशी सल्लामसलत करू एवढंच होतं, आणि तो हातात असताना तीन वर्षांच्या आत आपण पोखरण केलंच. ज्यांनी तो करार केला त्यांनाच त्याची मर्यादा ठाऊक होती.

पैशाचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो टाळणार नाही. महूलाच जन्मलेल्या बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिमंडळ सोडताना हेच विचारलं होतं, की साडेतीनशे कोटींच्या महसुलातले एकशे ऐंशी कोटी आपण फौजेवर घालतो कारण अडीअडचणीला धावून येईल असा मित्रच आपण ठेवला नाही. बाबासाहेबांचा प्रश्न उडवून लावायची माझी हिंमत नाही. एकट्याने राहणं महाग पडतं. होमी भाभांनी १९६४ मध्ये रेडिओवर सांगितलं होतं की पन्नास बॉम्ब दहा कोटींत होतील, पण बॉम्ब म्हणजे सगळं नव्हे, तो सांभाळायला, न्यायला, आणि पहिला मार खाऊनही शिल्लक राहायला जे लागतं ते खरं खर्चाचं. आपली अण्वस्त्रवाली अरिहंत पाणबुडी २००९ मध्ये पाण्यात उतरली आणि तिची पहिली गस्त पूर्ण झाल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं, यावरून वेळ आणि पैसा किती गेला असेल याचा अंदाज करा. तेवढ्या पैशात किती शाळा झाल्या असत्या, मी शिक्षिका आहे, मला ते कळतं. तरी मी म्हणेन मित्र जोडा, शस्त्रं एकत्र बनवा, सराव करा, समुद्रावर एकत्र गस्त घाला, पण शेवटचा निर्णय गहाण टाकू नका. बाबासाहेब मित्र मागत होते, मालक नाही, असं मला त्यांचं भाषण वाचून वाटतं.

अजून एक गोष्ट आहे जी लेखात अजिबात नाही आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे. आपलं धोरण, ४ जानेवारी २००३ ला जाहीर झालेलं, असं की अण्वस्त्र आपण पहिल्यांदा वापरणार नाही, पण आपल्यावर वापरलं तर उत्तर असं देऊ की सोसवणार नाही. अमेरिकेने असं वचन आजपर्यंत दिलेलं नाही, आणि का नाही तर मुख्यतः या छत्राखालच्या मित्रांमुळेच! त्यांना वाटतं की रशियाचे किंवा चीनचे नुसते रणगाडे, नुसती जहाजं आली तरी अमेरिकेच्या बॉम्बची भीती त्यांना असायला हवी. बायडन यांच्या काळात अण्वस्त्रांचा वापर फक्त अणुहल्ला रोखण्यापुरता असं म्हणायचा विचार चालला होता, मित्रदेशांनीच नको म्हणून आग्रह धरला आणि २०२२ च्या धोरणात ते आलं नाही. म्हणजे छत्राखाली जायचं तर 'पहिला वार नाही' या आपल्या शब्दाचं काय करणार? आपला शब्द एक आणि आपल्या छत्राचा दुसरा, असं कसं चालेल?

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने. १७ सप्टेंबर २०२५ ला सौदी आणि पाकिस्तानचा करार झाला, एकावर हल्ला म्हणजे दोघांवर हल्ला, तेव्हापासून आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर रोज कोणीतरी टाकतं की आपणही आपल्या मित्रांना आपलं छत्र देऊ. द्यायला काय, जीभ आहे. पण उद्या त्या मित्रावर साध्या फौजेचा हल्ला झाला तर त्याच्यासाठी आपण पहिला बॉम्ब टाकणार का, आणि त्याबदल्यात इंदूर पणाला लावणार का? द गॉलचा प्रश्न मग आपल्याला विचारला जाईल. ७ मे २०२५ ला संध्याकाळी ब्लॅकआउटचा सराव झाला तेव्हा मी गॅलरीत उभी होते, राजवाड्याच्या बाजूला रोज दिसणारा उजेड नव्हता, खाली मुलं मोबाइलचे टॉर्च लावून हसत होती आणि त्याच वेळी ग्रुपवर एका शिकलेल्या माणसाने लिहिलं 'एकदाच टाकून विषय संपवा'. विषय असा संपत नाही हो. आमच्या इथल्या कॅटला, म्हणजे अणुऊर्जा खात्याच्या संशोधन संस्थेला, ज्यांचं नाव दिलंय ते राजा रामण्णा १९७४ च्या स्फोटामागच्या मुख्य माणसांपैकी, आणि त्यांच्या नावाच्या संस्थेत आज लेसर आणि सिंक्रोट्रॉनचं काम चालतं. या विषयात शब्द तोलून वापरायचे असतात एवढं तरी आपण या शहरात राहून शिकायला हवं.

म्हणून आता शब्दाकडे येते. लेखात युक्रेनला 'हमी' दिली होती असं चार वेळा आलंय. ५ डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टला जो कागद झाला, ज्यावर युक्रेनबरोबर अमेरिका, ब्रिटन आणि रशिया यांच्या सह्या आहेत, त्याच्या इंग्रजी मजकुरात हमीचा शब्द नाही, आश्वासनाचा आहे. चुकून नाही, अमेरिकेच्या वकिलांनी मुद्दाम तो शब्द निवडला, कारण हमी म्हणजे फौज पाठवणं आलं आणि ते त्यांना द्यायचं नव्हतं. त्याच कागदाच्या युक्रेनियन आणि रशियन मजकुरात मात्र हमीचाच शब्द आहे. युक्रेनने सुमारे एकोणीसशे मोठी अण्वस्त्रं रशियाला परत दिली. त्यांच्या चाव्या मॉस्कोकडेच होत्या हे खरं, तरी दिली, आणि आपल्या भाषेत हमी वाचून दिली. संकट आलं तर काय करायचं याबद्दल त्या कागदात जे वाक्य आहे ते १९६८ मध्ये आपल्यापुढे ठेवलेल्या वाक्यासारखंच आहे, अणुहल्ला झाला तर सुरक्षा परिषदेकडे ताबडतोब कृतीची मागणी करू, आणि त्या परिषदेत रशिया स्वतः बसलेला. २०१४ आणि २०२२ मध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं.

तेव्हा येत्या रविवारी चूकभूलच्या चौकटीत एवढी दुरुस्ती छापा, की त्या लेखात जिथे जिथे 'हमी' आहे तिथे 'आश्वासन' वाचावं. लेख कापून वहीत चिकटवणारी मुलं अजून आहेत, माझ्याकडे त्यातली दोन शिकायला येतात, आणि त्यांच्या वहीत चुकीचा शब्द राहू नये.

आपली,
एक जुनी वाचक
लोकमान्य नगर, इंदूर